लिपी नव्हती म्हणून तगलेली बोली: सांता मारिया दे जेतिबाचं प्रकरण

ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यातल्या डोंगरांत एक पाव भाजतात. मक्याचं पीठ घ्यायचं. त्यात कोनफळाच्या जातीचा कंद, रताळं आणि ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद किसून घालायचा, असलं तर एखादं केळं कुस्करायचं. सगळं सैलसर कालवून केळीच्या पानावर थापायचं आणि लाकडं जाळून तापवलेल्या भट्टीत पानासकट सरकवायचं. कोकणातली पानगी खाल्लेल्याला हे वर्णन परकं वाटणार नाही. पाव मात्र जाड, जड आणि आतून ओलसर होतो.

त्याचं नाव ‘मिल्याब्रोट’. यातला ‘मिल्या’ पोर्तुगीज ‘मिल्यो’वरून आला, म्हणजे मका. ‘ब्रोट’ म्हणजे पाव, तो आला बाल्टिक समुद्राच्या काठावरून. राय (गव्हासारखं एक थंड मुलखातलं धान्य) आणि गव्हाच्या पावावर वाढलेली माणसं इथल्या जंगलात आली, राय पिकेना, म्हणून पावात मका घातला आणि पावाच्या नावातही घातला. पोर्तुगीज बोलणारे शेजारी त्याच पावाला ‘ब्रोते’ म्हणू लागले, म्हणजे उसनवारी दोन्हीकडून झाली. हा शब्द कुठल्या शब्दकोशातून आलेला नाही. तो भट्टीपाशी तयार झाला आणि सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कुणी कागदावर न लिहिता टिकला.

प्रकरण काय आहे

सांता मारिया दे जेतिबा हे गाव राज्याची राजधानी व्हितोरियापासून साधारण ८० किलोमीटरवर, सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. जेकितिबा नावाचं एक अवाढव्य जंगली झाड आहे, त्यावरून हे नाव पडलं. १९८८ साली शेजारच्या सांता लिओपोल्दिनामधून फुटून इथली नगरपालिका स्वतंत्र झाली. २०१०च्या जनगणनेत लोकसंख्या ३४ हजारांच्या आसपास होती, २०२२मध्ये ४१ हजारांच्या पुढे गेली. गाव म्हटलं तरी माणसं बरीचशी मळ्यांवर विखुरलेली. कोंबडीपालन जोरात. अंड्यांच्या उत्पादनात ही नगरपालिका ब्राझीलमध्ये अगदी वरच्या क्रमांकावर असते. त्याखालोखाल भाजीपाला आणि आलं. व्हितोरियाच्या मंडईत जाणारा भाजीचा ट्रक बहुधा याच डोंगरातून उतरलेला असतो.

इथले बहुसंख्य लोक पोमेरेनियन वंशाचे. घरात जी बोलतात तिला ते ‘पोमेरिश’ म्हणतात. २००९ साली नगरपालिकेने कायदा करून पोर्तुगीजच्या जोडीने पोमेरिशला सहअधिकृत भाषेचा दर्जा दिला.

मला इथे दोन गोष्टी तपासायच्या आहेत. चर्च, शाळा आणि सरकार या तिघांपैकी कुणीही जिला दीडशे वर्षं भाषा मानलं नाही, ती तगली कशी? आणि आता मान मिळाल्यावर तिचं काय होतंय? माझा अंदाज आधीच सांगून टाकतो. ती तगली याचं मोठं कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आणि तिचं खरं अवघड वळण आत्ता आलंय, लक्ष गेल्यानंतर.

समुद्राकाठची माणसं डोंगरात

पॉमेरियन म्हटलं की आपल्याकडे पांढरं, केसाळ, दारावरची बेल वाजली की घर डोक्यावर घेणारं कुत्रं आठवतं. ते कुत्रं आणि ही माणसं एकाच मुलखाच्या नावाने ओळखली जातात. पोमेरेनिया म्हणजे बाल्टिकचा दक्षिण किनारा. नाव मूळ स्लाव्ह, अर्थ ‘समुद्रालगतचा प्रदेश’. एकोणिसाव्या शतकात हा प्रशियाचा प्रांत होता. ब्राझीलला गेलेले बहुतेक जण त्यातल्या पूर्वेकडच्या भागातले, ओडर नदीपलीकडच्या हिंटरपोमर्नमधले.

तिथली जमीन ‘युंकर’ म्हणवणाऱ्या जमीनदारांच्या हातात होती. १८०७ साली प्रशियाने भूदासत्व, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीला जखडून ठेवण्याची पद्धत, रद्द करण्याचा हुकूम काढला, पण १८११च्या नियमांनी त्याची किंमतही ठरवली. कसत असलेली जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यायची तर तिचा तिसरा हिस्सा, काही ठिकाणी निम्मी जमीन, जमीनदाराला सोडून द्यायची. लहान कुळांच्या हातात उरलं त्यात पोट भरेना. मोकळे झालेले शेतकरी पाहता पाहता रोजंदारीवरचे मजूर झाले. अशा माणसाला ब्राझीलचा दलाल येऊन सांगतो की तिथे तुझ्या नावाचं रान मिळेल, तेव्हा तो काय करणार?

नोव्हेंबर १८५९मध्ये प्रशियाने फोन डेर हाइट या मंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा हुकूम काढून ब्राझीलसाठी माणसं गोळा करणाऱ्या दलालांचे परवाने काढून घेतले. साओ पावलोच्या कॉफीमळ्यांवर युरोपीय कुळांना कर्जात अडकवून राबवलं जातं, हे तोवर बाहेर आलं होतं. १८५६-५७च्या सुमारास इबिकाबा मळ्यावर स्विस कुळांनी उठाव केला होता. गंमत अशी की पोमेरेनियन लोकांची पहिली तुकडी एस्पिरितो सांतोत पोचली ती याच १८५९ साली. मोठ्या लाटा आल्या त्या १८६८ ते १८७४च्या दरम्यान. ती माणसं मात्र कुणाच्या मळ्यावर गेली नाहीत. सरकारने वसवलेल्या सांता लिओपोल्दिना वसाहतीत गेली, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीला या फरकाने वळण दिलं. मळ्यावर मालकाची भाषा शिकावीच लागते. स्वतःच्या रानात झाडं तोडताना कुऱ्हाडीशी कुठल्याही भाषेत बोललं तरी चालतं.

जहाज व्हितोरियाला लागायचं. तिथून सांता मारिया नदीतून होडीने वर, जिथे खळखळाट सुरू होऊन होडी पुढे जाईना तिथपर्यंत. त्या जागेचं नावच ‘काशोएरो’, म्हणजे धबधब्याचं ठिकाण. पुढे पायी आणि खेचरावर. १८६० साली या वसाहतीला सम्राट दुसरा पेद्रो भेट देऊन गेला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडचा दूत योहान याकोब फोन चुडी येऊन गेला. आपल्या देशबांधवांची दशा पाहून त्याने वसाहतीच्या कारभारावर चांगलेच ताशेरे ओढले. जर्मन भाषक वसाहतवाल्यांत एक म्हण चालते: पहिल्या पिढीला मरण, दुसरीला हाल, तिसरीला भाकर.

एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे, कारण वसाहतींच्या उत्सवी इतिहासात ती सहज गळते. हे जंगल रिकामं नव्हतं. एस्पिरितो सांतोच्या आतल्या भागात ज्यांना बोटोकुडो म्हणून ओळखलं गेलं त्या लोकांचा वावर होता. युंकरांनी जमिनीवरून हुसकलेली माणसं दुसऱ्या कुणाच्या जमिनीवर येऊन बसली.

आणखी एक तपशील. यातल्या पुष्कळांनी देश सोडला तेव्हा जर्मनी नावाचं राष्ट्रच नव्हतं, ते १८७१ साली झालं. त्यांना ‘जर्मन’ म्हणणं सोयीचं आहे, पण ते स्वतःला पोमेरेनियन म्हणत आले, आजही म्हणतात. १८८०नंतर नवी माणसं फारशी आलीच नाहीत. जर्मन अर्थतज्ज्ञ एर्न्स्ट वागेमान याने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इथली वस्ती वाढली ती मुख्यतः घराघरांतल्या जन्मांमुळे, असं दिसून आलं. म्हणजे नवं पाणी येत नाही, जुनं वाहून जात नाही, अशा तळ्यात बोली राहिली.

रविवारची भाषा आणि सहा दिवसांची भाषा

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण या फरकावर उभं आहे.

पोमेरिश ही प्रमाण जर्मनची, म्हणजे ‘होखडॉइच’ची, गावंढळ आवृत्ती नाही. ती खालच्या सपाट मुलखातल्या निम्न-जर्मन शाखेतली आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या डोंगरी मुलखात जर्मन बोलींचे काही उच्चार बदलले. शब्दातला ‘ट’ घासून ‘स’ किंवा ‘त्स’ झाला, ‘क’चा ‘ख’ झाला. हा बदल उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणून प्रमाण जर्मनमध्ये पाणी ‘वासर’, पोमेरिशमध्ये ‘वॉटर’. ‘मी’ तिकडे ‘इख’, इकडे ‘इक’. ‘ते’ तिकडे ‘दास’, इकडे ‘दाट’. ‘करणं’ तिकडे ‘माखन’, इकडे ‘मॉका’. ‘वॉटर’ ऐकून आपल्याला इंग्रजी आठवते, आणि ते बरोबरच आहे. इंग्रजीचे पूर्वजही याच किनाऱ्याच्या पट्ट्यातून निघाले होते. बव्हेरियाचा माणूस जेतिबाच्या आठवडी बाजारात उभा राहिला तर त्याला अर्धमुर्ध समजेल, तेही कान देऊन ऐकल्यावर.

पण ही बोली लिहायची नसते, असंच सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. बायबल होखडॉइचमध्ये, भजनांचं पुस्तक होखडॉइचमध्ये, थडग्यावरची अक्षरं होखडॉइचमध्ये. युरोपातून आलेले ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे, पाद्री होखडॉइच बोलत. पोमेरिश त्यांच्या लेखी गोठ्यातली भाषा. १८२४च्या राज्यघटनेप्रमाणे ब्राझीलमध्ये कॅथलिक सोडून इतरांना बाहेरून देऊळ वाटेल असं प्रार्थनाघर बांधायला मनाई होती, त्यामुळे सुरुवातीला शाळा आणि प्रार्थना दोन्ही साध्या घरांत चालायच्या. तिथे पोरं अक्षर शिकली ती रविवारच्या भाषेची. घरी आली की पुन्हा पोमेरिश.

पोर्तुगीज तिसरी, आणि तीही लांबची. कॉफी विकायला आणि मीठ, रॉकेल, कापड आणायला ‘व्हेंदा’त, म्हणजे खेडेगावच्या दुकानात गेलं की ती कानावर पडायची. पण दुकानदाराला गिऱ्हाईक हवं असेल तर तोच पोमेरिश शिकायचा. शेजारच्या इटालियन घरांतली आणि आफ्रिकी वंशाची माणसंही शेताच्या कामात ती उचलत. आजही या भागात अस्खलित पोमेरिश बोलणारी कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत. भाषा म्हणजे रक्त असं मानणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

बंदी कुणावर बसली

१० नोव्हेंबर १९३७ रोजी ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष जेतुलियो व्हार्गास यांनी राज्यघटना गुंडाळून ‘एस्तादो नोवो’ ही हुकूमशाही राजवट आणली. १९३८पासून राष्ट्रीयीकरणाची मोहीम सुरू झाली. प्राथमिक शिक्षण फक्त पोर्तुगीजमध्ये द्यायचं असं ठरलं आणि स्थलांतरितांनी वर्गणीतून चालवलेल्या शाळा बंद पडल्या. जानेवारी १९४२मध्ये ब्राझीलने जर्मनीशी संबंध तोडले, ऑगस्टमध्ये युद्ध पुकारलं. मग चारचौघांत जर्मन बोलणं हाच गुन्हा ठरू लागला. पाद्री तुरुंगात गेले. पुस्तकं जप्त झाली. झाली नाहीत ती लोकांनी स्वतःच जाळली, पुरली, माळ्यावर दडवली.

आता बंदी प्रत्यक्षात कशावर बसली ते पाहू. शिपाई घरात शिरला तर काय उचलणार? गॉथिक वळणाच्या अक्षरांतलं भजनांचं पुस्तक, बायबल, शाळेची वाचनमाला, पत्रं. सगळं होखडॉइचमध्ये. ज्या संस्था बंद करता येत होत्या, त्याही होखडॉइचच्या. पोमेरिशचं जप्त करण्यासारखं एक पानही नव्हतं, बंद करायला शाळा नव्हती, अटक करायला मास्तर नव्हता. दूध काढताना, मका सोलताना, अंथरुणात पडल्यावर नवराबायको काय भाषेत बोलतात यावर पहारा बसवणं कुठल्याच सरकारला जमलेलं नाही, आणि डोंगरातल्या एकेकट्या मळ्यांवर तर नाहीच.

त्यामुळे युद्ध संपलं तेव्हा मानाची भाषा मोडलेली होती आणि बिनमानाची शाबूत. चर्च हळूहळू पोर्तुगीजकडे वळलं. म्हाताऱ्यांना भजनं होखडॉइचमध्ये पाठ, पण त्या भाषेत चार वाक्यं सलग बोलणं नातवंडांना जमेना. घरची भाषा जिथल्या तिथे.

याचा गौरव करायचा मोह होतो, तो आवरायला हवा. जुन्या शाळा बंद झाल्या, पण त्यांच्या जागी सरकारी शाळा डोंगरात लगेच पोचल्या नाहीत. एका अख्ख्या पिढीला होखडॉइचही लिहिता येईना आणि पोर्तुगीजही. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात अंगठा. बोली टिकली, पण माणसं अडाणी राहण्याची किंमत देऊन, आणि ही किंमत त्यांनी ठरवलेली नव्हती.

१९४५ला आणखी एक गोष्ट घडली, हजारो मैलांवर. हिंटरपोमर्न पोलंडमध्ये गेला. तिथले जर्मन पळाले किंवा हाकलले गेले. केझलिनचं कोशालिन झालं, कोलबर्गचं कोवोब्झेग. निर्वासितांची मुलं जर्मनीत प्रमाण भाषा बोलत मोठी झाली. जिथून बोली निघाली तिथे ती बोलणारं कुणी उरलं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनकडच्या काही म्हाताऱ्यांना सोडलं तर ती गावाची रोजची भाषा म्हणून राहिली ब्राझीलमध्येच. जेतिबाच्या शेतकऱ्याला याचा फार काळ पत्ता नव्हता. त्याला तशीही मूळ गावाहून पत्रं येत नव्हती.

गाडी आणि महाग

साठ-सत्तरच्या दशकांत शाळा डोंगरात पोचली. आता चित्र असं: सहा-सात वर्षांचं पोर वर्गात येतं, त्याला पोर्तुगीज येत नाही. बाई शहरातून आलेल्या, त्यांना पोमेरिश येत नाही. पोराने लघवीला जायची परवानगी कशी मागायची?

पुढे पोर्तुगीज शिकलं तरी उच्चार मागे राहतो. पोर्तुगीजमध्ये गाडी आणि ‘महाग’ या शब्दांत फक्त ‘र’चा फरक आहे. गाडी म्हणजे ‘काऱ्हो’, त्यातला दुहेरी ‘र’ घशातून, जवळजवळ ‘ह’सारखा काढायचा. महाग म्हणजे ‘कारो’, त्यात जीभ एकदा टाळूला लागली की झालं. पोमेरिश बोलणाऱ्याच्या तोंडून दोन्ही ‘कारो’ निघतात. ‘बाबांनी नवी महाग घेतली’ असं पोर सांगतं आणि वर्ग हसतो. हा ‘र’ इतका पक्का बसलेला असतो की व्हितोरियात दुकानात शिरल्या शिरल्या माणूस कुठल्या डोंगरातून आला ते कळतं. ‘ब’ आणि ‘प’, ‘द’ आणि ‘त’ यांचीही अशीच सरमिसळ. भाषाशास्त्राच्या पुस्तकात याला भाषासंपर्क म्हणतात. वर्गात बसलेल्या पोराला त्याचं नाव लाज एवढंच माहीत असतं. पुष्कळ आईबापांनी याच काळात ठरवलं की आपल्याला झालं ते मुलांना नको, आणि घरातही मोडकीतोडकी पोर्तुगीज बोलायला लागले. बंदीला जे जमलं नव्हतं ते या हसण्याने थोडंफार साधलं.

तरी बोलीचे काही अड्डे शाबूत राहिले. सगळ्यात मोठा म्हणजे लग्न. आमंत्रण द्यायला नवऱ्या मुलीचा भाऊ किंवा जवळचा कुणी ‘होखटीटबिडर’ होऊन घरोघर फिरतो. पूर्वी घोड्यावरून जायचा, आता मोटरसायकलवरही जातो. अंगावर रंगीत फिती, हातात दारूची बाटली. दारात उभा राहून तो पोमेरिशमध्ये यमकातलं आमंत्रण म्हणून दाखवतो, घरातले एक घोट घेतात आणि त्याच्या अंगावर आणखी एक फीत बांधतात. आदल्या रात्री चिनी मातीची भांडी फोडतात, तुकड्यांवर नाच होतो, कॉन्सर्टिना नावाचं हातात धरायचं भात्याचं वाद्य वाजतं. जुन्या काळी नवरी काळा पोशाख घालायची. त्यामागे नवरीच्या पहिल्या रात्रीवर युंकराचा हक्क असायचा, अशी एक कथा सांगतात. मला ती नंतर रचलेली वाटते, कारण तेव्हा उत्तर युरोपात खेड्यांतून काळा हाच ठेवणीतला, सणासुदीचा पोशाख असायचा. पण ते यमकातलं आमंत्रण पोर्तुगीजमध्ये म्हणून चालत नाही. म्हटलं तर लोक हसतील, आणि इथे हसणं बोलीच्या बाजूने आहे.

दर्जा मिळाल्यावर

ब्राझीलमध्ये नगरपालिकेने दुसरी भाषा अधिकृत करण्याची वाट आदिवासींनी पाडून दिली. २००२ साली ॲमेझॉनमधल्या साओ गाब्रिएल दा काशोएरा या नगरपालिकेने न्येंगातू, तुकानो आणि बानिवा या तीन भाषांना हा दर्जा दिला. पोमेरेनियन त्याच वाटेने आले. २००५मध्ये एस्पिरितो सांतोतल्या पाच नगरपालिकांनी मिळून शाळांमध्ये पोमेरिश शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. जेतिबा त्यातली एक. २००६ साली इस्माएल ट्रेसमान यांचा पोमेरिश-पोर्तुगीज शब्दकोश आला. हे भाषाशास्त्रज्ञ स्वतः याच राज्यातले आणि घरी पोमेरिश बोलत वाढलेले. फेब्रुवारी २००७च्या राष्ट्रीय हुकुमाने ‘पारंपरिक समाजां’साठी धोरण ठरवलं आणि संबंधित आयोगात आदिवासी, पळून गेलेल्या गुलामांचे वंशज आणि मच्छीमार यांच्यासोबत पोमेरेनियन लोकांनाही जागा मिळाली. बोटोकुडोंच्या जंगलात शेती करणाऱ्यांचे वंशज आणि आदिवासी एकाच यादीत, हे माझ्या घशाखाली सहज उतरत नाही. पण अंगठेबहाद्दर ठरवून दीडशे वर्षं कोपऱ्यात ठेवलेल्या लहान शेतकऱ्याला तो हक्क नाही असंही म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी तशाच राहू द्याव्या लागतात.

मग २००९चा कायदा. दर्जा कागदावर मिळाला आणि पहिलाच प्रश्न उभा राहिला: लिहायचं कसं?

ट्रेसमान यांनी बोलणाऱ्यांच्या उच्चाराला धरून लेखनपद्धती बसवली. जर्मन स्पेलिंगची नक्कल टाळली, कारण नक्कल केली की बोली पुन्हा होखडॉइचची मोडकी बहीण दिसणार. ‘वॉटर’मधल्या ‘ऑ’साठी डोक्यावर बारीक वर्तुळ असलेला ‘ए’ घेतला. मला हा निर्णय पटतो. पण त्याची किंमत आहे. ज्या आजीला भजनांच्या पुस्तकातली गॉथिक अक्षरं वाचता येतात, तिला स्वतःच्या घरातली बोली या नव्या लिखाणात ओळखू येत नाही. जो नातू पोर्तुगीज शाळेत शिकला, त्याला ते वर्तुळवालं अक्षर ब्राझिलियन कळफलकावर सापडत नाही. मोबाइलवर संदेश पाठवताना तरुण मंडळी कानाला येईल तसं, पोर्तुगीज वळणाने टंकतात, किंवा सरळ बोलून ध्वनिसंदेश पाठवतात. खरं सांगायचं तर ध्वनिसंदेश ही या बोलीला मिळालेली सगळ्यात सोयीची लिपी आहे.

दुसरी ओढाताण होखडॉइचची. पोरांना वेळ घालवून जर्मनच शिकवायची तर ‘खरी’ शिकवा, तिने निदान शिष्यवृत्ती मिळेल, नोकरी मिळेल, असं म्हणणारे पालक आहेत आणि त्यांचं चुकतं असं नाही. सांता कातारिना राज्यातलं पोमेरोडे हे गावही पोमेरेनियन लोकांनीच वसवलं, १८६१ साली. तिथे लाकडी पट्ट्यांची जुनी घरं, जानेवारीतला पोमेरेनियन उत्सव आणि पर्यटक असं सगळं जमून आलंय, आणि २०१०मध्ये तिथे सहअधिकृत दर्जा मिळाला तो ‘जर्मन’ला. जेतिबाला असा पर्यटनाचा आधार नाही. अंडी विकायला पोशाख घालावा लागत नाही. मला वाटतं, बोलीच्या दृष्टीने हे बरंच झालं. पाहुण्यांसाठी बोललेली भाषा लवकर नाटकी होते.

दर्ज्याचा खरा कस लागतो तो लहानशा खिडकीपाशी. या भागातल्या गोऱ्या कातडीच्या शेतकऱ्यांना उष्ण कटिबंधातल्या उन्हात त्वचेच्या कर्करोगाचा त्रास मोठा. व्हितोरियाचं सरकारी विद्यापीठ १९८०च्या दशकापासून पोमेरेनियन वस्त्यांत त्वचातपासणीची शिबिरं भरवत आलंय. नाकावरची खपली कधीपासून आहे, खाजते का, रक्त येतं का, हे सत्तरीच्या बाईला विचारायचं आहे. पोर्तुगीजमध्ये विचारलं तर ती मान हलवून ‘हो’ म्हणेल, कारण मोठ्या माणसाला ‘हो’ म्हणायचं असतं. पोमेरिशमध्ये विचारलं तर ती सांगेल की खाजत नाही, पण मका सोलताना ओढ बसते. सहअधिकृत भाषा म्हणजे खिडकीपलीकडे असा एक माणूस बसवणं. पाटी दोन भाषांत रंगवणं सोपं आहे, तो माणूस नेमणं आणि त्याला पगार देणं कठीण.

आकड्यांचं म्हणाल तर राज्यात पोमेरेनियन वंशाचे लोक लाखाच्या वर असतील असा अंदाज नेहमी दिला जातो. पण अंदाजच. ब्राझीलच्या १९४० आणि १९५०च्या जनगणनांनी घरात कुठली भाषा बोलता हे विचारलं होतं. १९४०मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांनी जर्मन सांगितली, आणि पोमेरिश त्यातच विरघळली. त्यानंतर भाषेचा प्रश्न परत आला तो फक्त आदिवासींसाठी.

आज जेतिबाच्या डोंगरातल्या एखाद्या शाळेत पोमेरिशचा तास असतो तेव्हा वर्गात दोन तऱ्हेची मुलं बसलेली असतात. एकाला बोली पाण्यासारखी येते आणि लिहिण्याचा कंटाळा आहे, कारण बोलता येतं ते आणखी लिहायचं कशाला हे त्याला कळत नाही. दुसऱ्याच्या घरी आईबाप पोर्तुगीजवर गेलेत. त्याला आजी काय म्हणते ते समजतं, पण उत्तर पोर्तुगीजमध्येच सुचतं, आणि वर्तुळवालं अक्षर तो सुबक काढतो. बाई फळ्यावर ‘मिल्याब्रोट’ लिहितात. पहिला ते वाचायच्या आधीच ओळखतो, दुसरा अक्षर अक्षर लावून वाचतो. दोघांच्या पुढ्यात पुस्तक एकच आहे, आणि तास संपायला वीस मिनिटं उरलीत.